येऊन राहिलं

मे महिन्यातली दुपार. नागपुरात सक्करदऱ्याला बाबांच्या घरी समोरच्या खोलीत कूलर घोंघावत होता आणि ओल्या ताट्यांचा तो ओळखीचा, गवताचा आणि मातीचा मिळून होणारा वास घरभर भरला होता. खिडकीला आईची जुनी चादर अडकवलेली, त्यामुळे भर दुपारी खोलीत दिवेलागणीचा उजेड. बाहेर ४५ अंश, रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझा लेक, साडेचार वर्षांचा, बाबांच्या पोटावर पाय टाकून लोळत होता. त्याच्या उजव्या तर्जनीवरची शेवटची पट्टी आदल्याच दिवशी सुटली होती आणि तेव्हापासून तो ते बोट सगळ्यांना दाखवत फिरत होता. दूधवाल्याला दाखवून झालं, शेजारच्या काकूंना झालं, कुंपणावरच्या मांजरीलाही झालं. आता त्यानं बाबांचा डावा हात ओढला, आपलं बोट त्यांच्या अनामिकेला लावून धरलं आणि बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं. मग विचारलं, "आबा, माझं आलं. तुमचं कधी येणार?"

मी आत कैऱ्या सोलत होते. बाबांच्या डाव्या अनामिकेला शेवटचं पेर नाही. माझ्या जन्माच्या आधीपासून नाही. घरात त्याबद्दल बोलणं व्हायचं, गोष्टीसारखं सांगितलंही जायचं, पण हा प्रश्न ५० वर्षांत कुणी विचारला नव्हता. बाबा काय म्हणतील याची मला एकदम भीती वाटली. कूलरच्या आवाजातून त्यांचं उत्तर आलं, भाजीवाला गल्लीत शिरलाय हे सांगावं इतकं सहज.

"येऊन राहिलं, बाबू. येऊन राहिलं."

दोघंही थोड्या वेळानं झोपून गेले. मी मात्र त्या उत्तरापाशी अडकले, ती अजून आहे. पोराची समजूत काढायला म्हणाले असतील, हे तर उघडच आहे. पण बाबा समजूत काढणारे नाहीत. मांजर मेली तेव्हा ती देवाघरी गेली असं त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मागच्या अंगणात खड्डा खणला आणि मला माती लोटायला लावली होती. मग हे काय होतं? आणि आमच्या बोलीतलं हे 'येऊन राहिलं'. 'येतंय' म्हटलं की ते आत्ता येईल, दारात दिसेल असं वाटतं. 'येऊन राहिलं' कितीही लांबू शकतं. त्यात येणंही आहे आणि राहणंही आहे.

लेकाचं बोट होळीनंतरच्या आठवड्यात गेलं होतं. न्हाणीघराचं लोखंडी दार, बिजागरीकडची फट, आणि त्या फटीत खेळणारं बोट. दार मीच ओढलं. एवढंच लिहिते, त्याहून जास्त मला लिहवत नाही. अर्धं नख आणि त्याखालचं मांस, तुरीच्या दाण्याएवढं, उंबऱ्यावर पडलं होतं. ते मी पिशवीत घातलं, पिशवी बर्फात ठेवली, आणि ऑटोत बसून धंतोली येईपर्यंत ती पिशवी माझ्या मुठीत होती. डॉक्टरांनी एक्सरे पाहिला, बोट धुतलं, पिशवीतला तुकडा भिंगाखाली धरला आणि बाजूला ठेवला. शिवण्याजोगा नाही म्हणाले. मला वाटलं, आता दुसरीकडची कातडी काढून लावतील, हाड घासतील, टाके घालतील. ते म्हणाले, "काही करायचं नाही. झाकायचं, ओलं ठेवायचं आणि वाट पाहायची. नखाचं मूळ शाबूत आहे. लहान मुलांचं येतं."

येतं! मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. मी गेली १४ वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पुनर्जनन हा शब्द मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल याची गणती नाही. प्लॅनेरिया काढायचा, त्रिकोणी डोकं, दोन तिरळे डोळे, मधोमध रेघ, आणि बाणाच्या पुढे दोन प्लॅनेरिया. थॉमस हंट मॉर्गननं १८९८ मध्ये दाखवलं की या किड्याच्या शरीराचा २७९वा भागसुद्धा अख्खा किडा पुन्हा घडवू शकतो, हे मी मुलांना सांगते आणि मागच्या बाकावरचीही मान वर होते. पण आपल्या पोराच्या बोटाबद्दल कुणी 'येतं' म्हटलं तेव्हा मला तो शब्द मांत्रिकाच्या तोंडचा वाटला. मनातून मी त्या डॉक्टरांवर चिडले होते. काहीच न करण्याचे पैसे घेतात, असंही वाटून गेलं. त्यांची मी पुढे क्षमा मागितली, तेव्हा ते म्हणाले, सगळ्या आया चिडतात.

दर पाच-सहा दिवसांनी पट्टी बदलायची. पहिल्यांदा ती उघडली तेव्हा असा वास आला की मला वाटलं बोट सडलं. कुजट, गोडसर, उन्हाळ्यात डब्यात विसरलेल्या भाजीसारखा. डॉक्टर वाकून पाहत होते आणि खूश दिसत होते. हा वास यायचाच, म्हणाले. त्या ओल्या अंधारातच काम चालतं. आत डाळिंबाचा सोललेला दाणा असावा तसा एक लाल, चमकता गोळा होता. दुसऱ्या खेपेला तो थोडा पुढे आला होता. तिसऱ्या खेपेला त्याच्या कडेनं गुलाबी कातडी आत सरकत होती, तळ्याच्या काठावरून शेवाळ सरकतं तशी. आणि चौथ्या खेपेला नख. आधी नुसती एक पांढुरकी कड, मग पुढे आलेली, किंचित बाक असलेली. सहाव्या आठवड्यात मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं भिंग घरी आणलं आणि तो झोपलेला असताना त्याचं बोट दिव्याखाली धरलं. नव्या टोकावर रेषा उमटत होत्या. बारीक, एकामागे एक, नांगरलेल्या वावरासारख्या.

मी तिथंच बसून रडले.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले, आणि परीक्षेसाठी शिकवताना जे कधी वाचलं नव्हतं ते वाचलं. १९७४ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉक्टर सिंथिया इलिंगवर्थ यांनी दारात चेंगरलेल्या आणि टोकं तुटलेल्या बोटांवर एक लेख लिहिला. लहान मुलांची बोटं न शिवता, साधी पट्टी बांधून सोडून दिली तर टोक पुन्हा वाढतं, गोलाईसकट, नखासकट, स्पर्शासकट, हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे ३९ वर्षांनी, २०१३ मध्ये, न्यूयॉर्कच्या मायुमी इतो यांच्या गटानं उंदरांच्या बोटांवर काम करून त्यामागचं एक कारण दाखवलं. नखाच्या मुळाशी मूलपेशी असतात. त्या आयुष्यभर नख घडवत राहतात, आणि टोक तुटलं तर त्याच हाकारा घालतात, मज्जातंतूंना बोलावतात, हाडाला वाढायला लावतात. कापलेली जागा नखाच्या मुळाच्या पुढे, टोकाच्या बाजूला असली तर टोक परत येतं. मुळासकट गेलं तर येत नाही. एका बोटात ही सीमा दोन-चार मिलिमीटरच्या आत बसते.

ते वाचताना १९७४ हा आकडा डोळ्यांसमोरून हलेना. बाबांचं बोट १९७४च्या दिवाळीत गेलं.

काटोलजवळच्या आमच्या गावी, गोठ्यात. बाबा १९ वर्षांचे होते, मॉरिस कॉलेजातून सुट्टीला घरी आलेले. कडबा कापायची कुट्टी मशीन नवीनच घेतली होती, मोठ्या चाकाची, चाकालाच पाती बसवलेली. आजोबा चाक फिरवत होते, बाबा कडब्याच्या पेंढ्या सारत होते. एवढ्यातेवढ्यानं होतं ते. आजोबांनी त्या दिवसानंतर त्या चाकाला हात लावला नाही, मशीन पुढच्या बाजारात विकली. बाबांच्या बोटावर हळद दाबली, धोतराचा पट्टा बांधला, आणि रात्रीच्या गाडीनं नागपूर. तिथं डॉक्टरांनी तेव्हाच्या रीतीनं हाड थोडं घासून कातडी ओढून घेतली आणि टाके घातले. व्यवस्थितच केलं. आजही ती शिवण पाहिली की कुणीतरी मन लावून केलेलं काम वाटतं.

पण मला सांगण्यात आलेल्या गोष्टीतला मला छळणारा भाग दुसराच आहे. बाबांना घेऊन आजोबा स्टेशनकडे निघाले, आणि आजी कंदील घेऊन गोठ्यात बसली. कापलेल्या कुटाराच्या ढिगात ती मूठमूठ चाळून बोटाचा तुकडा शोधत होती. "माह्या पोराचं बोट" एवढंच म्हणत होती असं आत्या सांगते. आत्या तेव्हा आठ वर्षांची, दाराशी उभी. सापडला असता तरी काय करणार होती? गाडी तर गेली होती. तिला ते ठाऊक नसेल असं नाही. सकाळपर्यंत शोधूनही तुकडा सापडला नाही. तो सगळा ढीग तिनं स्वतः टोपल्यांनी उचलून वावराच्या कडेला नेला आणि मातीखाली घातला. त्या रात्री बैलांना कुटार घातलं नाही.

माझ्या मुठीतल्या बर्फाच्या पिशवीची आठवण मला या गोष्टीशिवाय आता होत नाही.

माणसाला जखम झाली की शरीर आधी ती बुजवायला धावतं. रक्त गोठतं, पेशी येतात, कोलॅजनचे धागे भराभर टाकतात, घाईत, एका दिशेला, पावसाच्या आधी छपरावर ताडपत्री ओढावी तसे. म्हणून व्रण चकचकीत दिसतो. त्यावर केस येत नाहीत, त्यातून घाम फुटत नाही, आणि तो कितीही जुना झाला तरी मूळ कातडीच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे त्याची ताकद जात नाही. मेक्सिकोतल्या झोचिमिल्कोच्या पाण्यात राहणारा ॲक्सोलोटल नावाचा सरड्यासारखा उभयचर प्राणी मात्र जखमेवर पातळ कातडी ओढून थांबतो. तिच्याखाली आसपासच्या पेशी आपली ओळख काहीशी सोडून देतात आणि एक कोवळा गोळा तयार होतो, त्याला ब्लास्टेमा म्हणतात. आणि त्या गोळ्याला नेमकं ठाऊक असतं की कुठून तुटलंय. खांद्यापासून तुटला असेल तर अख्खा हात येतो, मनगटापासून तुटला असेल तर फक्त पंजा. मी हे वर्गात सांगते तेव्हा मला दर वेळी आजीचा कंदील दिसू लागलाय. आमच्यासारख्या उष्ण रक्ताच्या प्राण्यांना उघडी जखम घेऊन महिनोन् महिने बसणं परवडलं नसेल, म्हणून बुजवण्याची घाई अंगात मुरली, असा एक विचार आहे. मला तो पटतो. आमच्या घरातही सगळं लगेच बुजवलं जायचं. मशीन विकली, ढीग पुरला, आणि दिवाळीनंतर बाबा परत कॉलेजात.

लहानपणी मला बाबांच्या बोटाचं काही वाटत नसे. उलट, सगळ्यांच्या बाबांना एक आखूड बोट असतं अशी माझी समजूत होती. त्या आखूड टोकावर, शिवणीच्या एका कडेला, ज्वारीच्या दाण्याएवढं एक नख यायचं. कठीण, पिवळट, जरा वाकडं. शर्टाच्या बाहीत ते अडकायचं, धागा ओढायचं. दर रविवारी दाढी झाली की बाबा तेच ब्लेड घेऊन ते दाण्याएवढं नख काळजीपूर्वक कापायचे आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून टाकायचे. मी जवळ बसून पाहायची. "बाबा, हे कशाला येते?" मी विचारायची. "येते," म्हणायचे. आता मला ठाऊक आहे ते कशाला येतं. १९७४ मध्ये टाके घालताना नखाच्या मुळाचा एक कोपरा आत राहून गेला. अख्खं बोट घडवायला तो पुरा पडत नाही. पण तो थांबलेलाही नाही. त्याच्यापुरतं जे काम त्याला ठाऊक आहे, ते तो ५० वर्षं करत आलाय.

बाबांना सिव्हिल लाइन्सला सरकारी नोकरी लागली ती टंकलेखनावर. मराठी ३० शब्द, इंग्रजी ४०, दोन्ही परीक्षा त्यांनी नऊ बोटांनी काढल्या. इंग्रजी यंत्रावर डाव्या अनामिकेकडे असणारं काम त्यांच्या मधल्या बोटानं उचललं. आजही मोबाइलवर काही लिहायला घेतलं की ते बोट पुढे येतं आणि दोघांचं करतं. यावरही मी वाचलं. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मायकेल मर्झेनिच यांच्या गटानं दाखवलं की माकडाचं एक बोट काढल्यावर मेंदूतली त्या बोटाची जागा ओसाड पडत नाही. काही महिन्यांतच शेजारची बोटं तिच्यात शिरतात आणि तिला आपलं करतात. मेंदूनं नवं काही उगवलेलं नसतं, शेजारी पसरलेले असतात. यकृताचंही असंच आहे, आणि हे मला फार उशिरा कळलं. यकृत पुन्हा वाढतं असं आपण सरसकट म्हणतो, दोन तृतीयांश काढलं तरी काही महिन्यांत ते जवळपास पूर्वीच्या वजनाचं होतं हेही खरं. पण काढलेला खंड कधीच परत येत नाही. उरलेला भाग मोठा होतो. आकार बदलतो, काम तेच राहतं.

आणि तरी बाबांचं ते नसलेलं टोक डिसेंबरात खाजतं. सहा-सात अंशांची थंडी पडली, सकाळी अंगणात शेकोटी पेटली की ते हात शेकताना हवेतच, बोटाच्या पुढे, जिथं काही नाही तिथं अंगठ्यानं खाजवतात. आई हसायची. "काय खाजवून राह्यले तुम्ही?" ती विचारायची, आणि बाबा हात खिशात घालायचे.

आईचं हृदय २०१९ च्या पावसाळ्यात दुखावलं. झटका मोठा होता, डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, हा एवढा भाग हलत नाही. तो पुन्हा हलला नाही. तिथं व्रण झाला होता, आणि व्रण आकुंचन पावत नाही. तिनं त्यावर तीन वर्षं काढली, जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत. त्याच दिवसांत आमच्याकडे लेकासाठी म्हणून काचेची टाकी आली होती आणि तिच्यात निळ्या पट्ट्यांचे छोटे झेब्रा मासे. आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा हा. २००२ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी त्याच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापला, आणि दोन महिन्यांत तिथं पुन्हा स्नायू आला. धडधडणारा, खरा. हे मला आई असतानाच माहीत होतं. ती टाकीसमोर खुर्ची टाकून बसायची, मासे पाहत, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून दोघांकडे पाहायची. त्या माशांचा मला राग यायचा. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण यायचा.

पुढे एक गोष्ट वाचली आणि तो राग निवला. १९५० ते ६० च्या दशकांत उघड्यावर अणुचाचण्या झाल्या, त्यामुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला, मग चाचण्या थांबल्यावर हळूहळू उतरला. तो झाडांत गेला, अन्नात गेला, माणसांत गेला. पेशी ज्या वर्षी जन्मते त्या वर्षीच्या हवेची खूण तिच्या डीएनएत राहते. स्टॉकहोमच्या योनास फ्रिसेन यांच्या गटानं २००९ मध्ये या खुणेवरून माणसाच्या हृदयातल्या स्नायूपेशींची वयं काढली. पंचविशीत वर्षाला साधारण एक टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीपर्यंत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं. म्हणजे हृदय नवं होतं, पण इतकं सावकाश, की आयुष्यभरात निम्म्याही पेशी बदलत नाहीत. आईच्या हृदयातल्या निम्म्याहून जास्त स्नायूपेशी ती जन्माला आली तेव्हाच्याच होत्या. तिच्या आईच्या पोटात पहिल्यांदा धडधडलेल्या. आणि उंदराच्या एक दिवसाच्या पिलाचं हृदय कापलं तर तेही भरून येतं, हे २०११ मध्ये कळलं. आठवडाभरात मात्र ते ही विद्या विसरतं. म्हणजे आपल्या जातकुळीत ती मुळात नाही असं नाही. येताना घेऊन येतो आणि वाटेत कुठेतरी ठेवून देतो.

परवा गावी गेले होते. संत्र्याच्या बागेत चुलतभाऊ झाडांची सल काढत होता, म्हणजे वाळलेल्या काड्या छाटत होता आणि कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावत होता. झाडांचं मला नेहमी बरं वाटतं, त्यांना फुटायला कुठलीही जागा चालते. पण एका झाडापाशी तो थांबला. डिंक्या रोगानं वरचं सगळं गेलं होतं आणि खाली बुंध्यातून हिरवेगार, काटेरी, जोमदार पानसोट फुटले होते. मी म्हटलं, "हे तर येऊन राहिलं की रे पुन्हा." तो म्हणाला, "ताई, येऊन राहिलं, पण संत्रा नाही येणार. डोळा बांधला त्याच्या खालून फुटलं. हे जंभेरी आहे." कलमाच्या वरचा संत्रा मेला आणि खालचं जंभेरीचं खुंट, जे इतकी वर्षं मुकाट्यानं त्याला धरून उभं होतं, ते आता आपल्या नावानं वाढत होतं. त्याला जाड सालीचं, खडबडीत, आंबट फळ येईल. भाऊ म्हणाला, उपटून टाकू. मी म्हटलं, राहू दे एक वर्ष. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या झाडाकडे गेला. पालीच्या शेपटीचंही असंच असतं. ती परत येते, पण आत मणके नसतात, कूर्चेची एक सलग नळी असते. त्यामुळे ती नव्या भागात पुन्हा तुटू शकत नाही, तुटलीच तर वरच्या, जुन्या भागातून तुटते.

आई गेल्यावर बाबा गोळाभात करायला शिकले. पहिले काही महिने गोळे भातात विरघळून जायचे, मग घट्ट झाले, मग इतके घट्ट की चमच्यानं फुटेनात, आणि आता बरे होतात. वरून हिंगाची फोडणी ते स्वतः ओततात, मला ओतू देत नाहीत. आईच्या गोळाभाताची चव त्याला नाही. मी खाताना ती शोधायची, आता शोधत नाही. लेकाला विचाराल तर गोळाभात म्हणजे आबांचाच, त्याला दुसरा माहीतच नाही.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा बाबांकडे होतो. पावसाचे चार थेंब येऊन गेले होते, कूलर बंद होता, हवेत उकाडा आणि ओल्या मातीचा वास. बाबांची दाढी झाली. आरसा खिडकीत, वाटीत साबणाचं पाणी, शेजारी वर्तमानपत्राचा तुकडा. लेक त्यांच्यासमोर मांडी घालून बसला होता, अगदी जिथं मी बसायची तिथं. बाबांनी ब्लेड पुसलं आणि डावा हात गुडघ्यावर ठेवला. लेकानं वाकून पाहिलं. आणखी वाकला. मग त्या ज्वारीच्या दाण्याला त्यानं आपल्या नव्या बोटानं हात लावला, आणि इतक्या मोठ्यानं ओरडला की मी आतून धावत आले.

"आबा! आलं! नख आलं!"

बाबा त्या बोटाकडे पाहत राहिले. मी दारात उभी होते, माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी ब्लेड पुन्हा कागदात गुंडाळलं आणि उठून खिडकीत, आरशामागे ठेवून दिलं.